औषधांची नावं तोंडपाठ, पण गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कळत नाही

"ताई, मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली, डी.फार्म झालेय, सध्या हरमलला एका फार्मसीत काउंटरवर असते. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश. औषधांची नावं, डोस, साइड इफेक्ट सगळं इंग्लिशमधून पाठ आहे, पण फॉरेनर येऊन साधं काही बोलला की माझं डोकंच बंद पडतं. गेल्या सीझनला एक बाई म्हणाली 'आय फील सिक', मी ताप किती आहे ते विचारत बसले आणि ती नाही नाही करत पोटावर हात ठेवत होती. मालकांचा भाचा बाजूला होता, इंग्लिश मिडियमचा, त्याने पटकन विचारून तिला ओआरएस वगैरे दिलं आणि मग दिवसभर हसत होता. तेव्हापासून रोज २० शब्द पाठ करते, रोजच्या वाक्यांचं एक जाडं पुस्तक पण आणलं, पण चार दिवसांत सगळं विसरते. एक क्लास आहे १५ हजारांचा, लावू का? व्हॉट्सॲपवर फॉरेनर औषध आहे का विचारतात, त्यांना मी 'डिअर सर, काइंडली' असं लिहिते तर भाचा त्यालाही हसतो. मराठी शाळेत गेल्यामुळे असं झालं का?"

बाय, आधी त्या भाच्याचं बघूया, इंग्लिशचं नंतर. मला वाटतं तुला इंग्लिशपेक्षा त्या हसण्याचाच जास्त त्रास झालाय. त्या बाईला मळमळत होतं. ब्रिटिश माणूस 'आय फील सिक' म्हणाला की बहुतेक वेळा मळमळतंय असं समजायचं, आणि 'आय वॉज सिक ट्वाइस लास्ट नाइट' म्हणाला की रात्री दोनदा उलटी झाली. अमेरिकन 'आय'म सिक' म्हणाला तर तो नुसता आजारी आहे, ताप असेल, सर्दी असेल, काहीही असेल. म्हणजे तू शाळेत शिकलीस तो अर्थ बरोबरच होता, त्या बाईच्या देशात चालतो तो वेगळा. आणि पोटावरचा हात तुलाही दिसला होता आणि भाच्यालाही, फक्त तू मनातल्या मनात डिक्शनरी उघडून बसलीस आणि त्याने विचारून टाकलं. त्याला येतं ते एवढंच, विचारून टाकणं, आणि ते तुला महिन्याभरात जमेल.

मराठी शाळेचं म्हणशील तर हा प्रश्न ऐकून ऐकून मला आता कंटाळा आलाय. आपल्या गोव्यात १९९० नंतर प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान मराठी-कोकणीलाच होतं, २०११ ला इंग्लिशलाही द्यायचं ठरलं आणि त्यावरून केवढं रण माजलं ते तुझ्या आईबाबांना विचार. त्यामुळे चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोकणी आणि पाचवीला एकदम इंग्लिश अशी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत आणि त्यातली कितीतरी आज बँकेत, हॉटेलात, मोपाच्या विमानतळावर दिवसभर इंग्लिश बोलतायत. पाचवीपासून डी.फार्मपर्यंत तू जेवढं इंग्लिश वाचलंस तेवढं त्या भाच्याने वाचलं असेल असं मला तरी वाटत नाही. तुझी गोची दुसरीच आहे, ते सगळं कागदावरचं इंग्लिश होतं, तोंडाने तुझ्याशी कोणी बोललंच नाही. वर्गात धडा इंग्लिशमध्ये वाचायचा आणि समजवायचा कोकणीत, हे आपल्या सगळ्यांचंच झालेलं आहे.

आता मला सांग, हिंदी कुठल्या क्लासात शिकलीस? घरी कोकणी, पेपर मराठी, देवळात मराठी, आणि औषधांचे बॉक्स घेऊन येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याशी तू फाडफाड हिंदी बोलत असणार, बिल कमी-जास्त झालं तर भांडत पण असणार. त्यासाठी कधी रोज २० हिंदी शब्द पाठ केलेस? नाही ना. 'कितना हुआ', 'अभी नहीं है', 'कल आना', अशी अख्खी वाक्यं कानावर पडली आणि तशीच्या तशी तोंडात बसली, त्यात कुठला शब्द नाम आणि कुठलं क्रियापद हे बघत कोणी बसलं नाही. इंग्लिशचं पण असंच करायचंय आणि तुझं अर्धं काम आधीच झालंय कारण सुटे शब्द तुला येतात.

शब्द विसरतेस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली की सगळ्यात जास्त विसर पहिल्या काही तासांत पडतो, मग तो वेग कमी होत जातो. तुझ्या यादीतला शब्द ज्याचा त्या दिवशी कोणाशी संबंधच आला नाही तो त्या अक्षरांसारखाच. आणि मुळात शब्द एवढे लागतही नाहीत गो. मायकल वेस्ट म्हणून एक इंग्रज शिक्षक होता, ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजात त्याने वर्षं काढली, म्हणजे आपल्यासारख्याच पोरांना इंग्लिश कसं शिकवायचं यावर डोकं चालवलेला माणूस. त्याने १९५३ मध्ये सगळ्यात जास्त लागणाऱ्या साधारण २००० शब्दांची यादी काढली. त्यातले बहुतेक तुला आजच येत असणार, मी पैज लावते. अडतंय कुठे तर त्याच सोप्या शब्दांच्या जोड्यांवर. थ्रो येतो, अप येतं, पण 'शी'ज बीन थ्रोइंग अप' म्हणजे ती सारखी उलट्या करतेय हे कोणी सांगितलं नाही. रन येतं, आउट येतं, पण 'आय'व्ह रन आउट ऑफ माय टॅब्लेट्स' म्हणजे माझ्या गोळ्या संपल्यात. कम येतं, डाउन येतं, पण 'आय थिंक आय'म कमिंग डाउन विथ समथिंग' म्हणजे अंगात कसकस आहे, काहीतरी होणार असं वाटतंय. ही सगळी वाक्यं तुझ्या काउंटरवर येणारच आणि तुझ्या जाड्या पुस्तकात बहुतेक नसणार, त्यात रेल्वे स्टेशनवरचे आणि पोस्टातले संवाद असतील.

तर पुस्तक बंद कर आणि काउंटरवर काय काय येतं ते बघ. पोटापासून सुरू करूया कारण किनाऱ्यावरच्या शॅकवर खाऊन पहिल्या दोन-चार दिवसांत सगळ्यांचं पोटच बिघडतं. आपण 'लूज मोशन' म्हणतो, तो आपला भारतातला शब्द, बाहेरच्या माणसाला त्यातून काही कळत नाही, तो डायरिया म्हणेल, नाहीतर लाजत 'अपसेट टमी', 'डॉजी टमी', 'द रन्स', आणि थोडा गमत्या असेल तर 'डेल्ही बेली', मग तो दिल्लीला गेलेला असो वा नसो. आपली 'ॲसिडिटी' म्हणजे त्यांचं 'हार्टबर्न', छातीत जळजळ, हार्ट ऐकून घाबरू नकोस, पण घाम, हातात कळ, श्वास असलं काही सांगत असेल तर अर्थातच डॉक्टरकडे पाठव. पोट फुगलंय, गॅस झालाय याला 'ब्लोटेड'. चक्कर येतेय याला आपण 'गिडीनेस' म्हणतो, ते 'डिझी' किंवा 'लाइट-हेडेड' म्हणतात. अंग मोडून आलंय, 'आय'म एकिंग ऑल ओव्हर'. 'आय'व्ह गॉट अ टेंपरेचर' म्हणजे ताप आहे, तिथे मात्र ताप किती आहे विचार बिनधास्त.

मग स्कूटरवरून पडलेले. भाड्याची स्कूटर, हाफ पँट, हेल्मेट आरशाला लटकवलेलं, तुला सांगायला नको. खरचटलं म्हणजे ब्रिटिशांचं 'ग्रेझ' आणि अमेरिकनांचं 'स्क्रेप'. ब्रिटिश माणूस 'प्लास्टर' मागेल आणि तू त्याच्या हाताकडे बघत हाड कुठे मोडलं शोधशील, त्याला बँडेड हवी असते. नवीन चपलांनी फोड आला तो 'ब्लिस्टर' (तुझ्या गोळ्यांच्या ब्लिस्टर पॅकमधला हाच शब्द, म्हणजे हा पण तुला येतोच). उन्हाने सोलपटून आलाय तो 'सनबर्न' आणि 'पीलिंग' म्हणेल. आपल्याकडे डास चावतो, कुत्रा चावतो आणि जेलीफिश पण चावते, त्यांच्याकडे डास आणि कुत्रा 'बाइट' करतात पण जेलीफिश आणि गांधीलमाशी 'स्टिंग' करते, म्हणून माणूस 'आय गॉट स्टंग' म्हणाला की समुद्रात काय लागलं ते आधी विचार. ऑस्ट्रेलियन 'मॉझी' म्हणाला की डास. लहान मुलाला 'नॅपी' मागितली म्हणजे ब्रिटिश, 'डायपर' मागितला म्हणजे अमेरिकन. पॅरासिटामॉलला अमेरिकन लोक 'ॲसिटामिनोफेन' म्हणतात, त्याहून जास्त वेळा कंपनीचं नाव घेऊन 'टायलेनॉल' मागतात, आणि आयबुप्रोफेन पाहिजे असेल तर अमेरिकन 'ॲडव्हिल' म्हणेल, ब्रिटिश 'न्यूरोफेन'. ही चार नावं काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेव. आणि एखादी मुलगी दुकान रिकामं व्हायची वाट बघत उभी राहून हळूच 'मॉर्निंग-आफ्टर पिल' म्हणाली तर मोठ्याने परत विचारू नकोस, भाच्यालाही हाक मारू नकोस.

आता एक गंमत, ही ऐकून तुझी अर्धी भीती जाईल. तू हरमलला आहेस, बाजूला मोरजी, म्हणजे तुझ्याकडे रशियन पण भरपूर येत असणार. त्यांची तरी इंग्लिश कुठे मातृभाषा आहे? रशियनमध्ये 'अ', 'ॲन', 'द' नाहीतच, आपल्या मराठीतही नाहीत, त्यामुळे ते पण खाऊन टाकतात आणि आपण पण खाऊन टाकतो. रशियन माणूस डोकेदुखीची गोळी मागताना 'टॅब्लेट फ्रॉम हेडएक' म्हणतो कारण त्याच्या भाषेत औषध आजारा'पासून' असतं. आपण मराठीत डोकेदुखी'वर' औषध म्हणतो म्हणून आपल्या तोंडून 'मेडिसिन ऑन हेडएक' निघतं. आणि इंग्रज म्हणतो 'समथिंग फॉर अ हेडएक'. तिघांचं काउंटरवर भागतं की नाही? भागतं. तू 'फॉर' म्हणायची सवय लाव, पण चुकून 'ऑन' गेलं तर समोरचा रशियन तुझी परीक्षा घ्यायला आलेला नाही, त्याचं डोकं दुखतंय.

खरं जड जातं ते ब्रिटिश लोकांचं ऐकणं, आणि त्याचं कारण शब्द नाहीत, त्यांची बोलायची पद्धत आहे. आपण मराठीत प्रत्येक अक्षर नीट उच्चारतो, ते मोठ्या शब्दांवर जोर देतात आणि मधले बारीक शब्द गिळून टाकतात. 'डू यू हॅव एनीथिंग फॉर अ कॉफ' हे तुझ्या कानावर 'ज्युहॅवेनीथिंग फ्रकॉफ' असं येतं आणि तू पहिल्या दोन शब्दांतच अडकतेस, तेवढ्यात कॉफ निघून गेला. तर सुरुवात सोडून दे आणि शेवट पकड. गिऱ्हाइकाच्या वाक्यात जो शब्द मोठ्याने आला तोच कामाचा, कॉफ, बाइट, टमी. तो पकडलास की तोच परत विचारायचा, 'अ कॉफ? ड्राय ऑर चेस्टी?' कोरडा की कफवाला. बाकीचं आपोआप उलगडतं.

आता तू काय बोलायचं. ब्रिटनमध्ये फार्मसीच्या काउंटरवर काम करणाऱ्यांना पाच गोष्टी विचारायला शिकवतात, आणि मला वाटतं तुझा सगळा स्पोकन इंग्लिश कोर्स त्यातच आहे. कोणासाठी हवंय, 'हू इज इट फॉर?' काय होतंय, 'व्हॉट आर द सिम्पटम्स?' किती दिवस झाले, 'हाऊ लाँग हॅव यू हॅड इट?' त्यावर आधी काही घेतलं का, 'हॅव यू ट्राइड एनीथिंग फॉर इट?' आणि दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, 'आर यू टेकिंग एनी अदर मेडिसिन?' याला तू आणखी दोन जोड, 'आर यू ॲलर्जिक टू एनीथिंग?' आणि गरज असेल तिथे 'कुड यू बी प्रेग्नंट?' व्याकरण समजून घ्यायची काही गरज नाही, आरती म्हणतो तशी पाठ कर. हे प्रश्न तू विचारायला लागलीस की बोलणं तुझ्या हातात येतं, कारण आता उत्तरं काय येणार ते तुला साधारण माहीत असतं: दोन दिवस, बायकोसाठी, हो, नाही. सध्या समोरचा मनाला येईल ते बोलतोय आणि तू पकडायला धावतेयस, तेच थांबेल.

सुरुवातीलाच मात्र एक वाक्य बदल. आपल्याकडे दुकानात 'येस, टेल मी' म्हणतात, आणि आजाऱ्याला 'व्हॉट इज युअर प्रॉब्लेम' विचारतात. आपल्या कानाला यात काही वावगं नाही, पण बाहेरच्याला दुसरं वाक्य 'तुझं काय बिनसलंय रे' असं भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं. 'हाय, हाऊ कॅन आय हेल्प?' बस. 'वेट' नको, 'जस्ट अ मोमेंट'. 'नो स्टॉक' नको, 'आय'म अफ्रेड वी डोन्ट हॅव इट टुडे'. हे 'आय'म अफ्रेड' घाबरण्याचं नाही, नकार देताना आपण 'अहो काय सांगू' म्हणून सुरू करतो ना तेवढंच ते. सगळ्यात जास्त लागेल ते अँटिबायोटिकच्या वेळी, चिठ्ठीशिवाय मागतात आणि हट्ट धरतात, तेव्हा 'आय'म अफ्रेड आय कान्ट गिव्ह यू धिस विदाउट अ प्रिस्क्रिप्शन', आणि लगेच पुढे 'देअर्'ज अ डॉक्टर निअरबाय' म्हणून जवळचा दवाखाना दाखव, म्हणजे माणूस चिडत नाही. 'कम आफ्टर हाफ ॲन अवर' पेक्षा 'कम बॅक इन हाफ ॲन अवर' म्हण. 'आफ्टर फूड' कळतं त्यांना, तरी 'विथ फूड' आणि 'ऑन ॲन एम्प्टी स्टमक' ही दोन तोंडात बसव. गोळ्यांची 'स्ट्रिप' हा आपला शब्द, कोणी 'पॅक' म्हणाला तर त्याला पूर्ण बॉक्स हवाय की एक पट्टी ते हातात धरून दाखव.

आकड्यांचं मात्र मी जरा दटावूनच सांगते. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी, यात भलेभले फसतात आणि तुझ्याकडे हा डोसचा प्रश्न आहे. तोंडी सांगून थांबायचं नाही, 'वन फाइव्ह' किंवा 'फाइव्ह झीरो' असं सुटं म्हणायचं आणि पाकिटावर लिहायचं, पैसे असतील तर कॅल्क्युलेटर फिरवून दाखवायचा. वेळेचं पण तसंच. ब्रिटिश माणूस 'हाफ सेव्हन' म्हणाला की साडेसात, पण जर्मन भाषेत तसंच म्हटलं की त्याचा अर्थ साडेसहा होतो, म्हणून दुकान कधी बंद होतं सांगताना 'सेव्हन थर्टी' म्हण आणि मोकळी हो.

आणि नाहीच कळलं तर? तर नाही कळलं. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, अ बिट स्लोअर?' त्यावर माणूस तेच वाक्य आणखी मोठ्याने बोलतो, हा सगळ्या जगातला रिवाज आहे, तू बहिरी नाहीस हे त्याला कळत नाही. मग 'कॅन यू शो मी व्हेअर?' म्हण, तो हात लावून दाखवेल. मग 'डू यू मीन' लावून तुझा अंदाज सांग, 'डू यू मीन व्हॉमिटिंग?' त्या दिवशी एवढं एक विचारलं असतंस तर भाच्याची गरजच नव्हती. औषधाच्या दुकानात न कळता मान हलवणं हे चुकीच्या इंग्लिशपेक्षा शंभर पट वाईट, हे तुला फार्मसी शिकलेलीला मी काय सांगणार.

पाठांतराचं असं कर. रोज २० बंद. काउंटरखाली एक छोटी वही ठेव आणि दिवसातून दोन-तीनच वाक्यं त्यात घाल, जी खरोखर कोणीतरी बोललं आणि तुला अडलं. जशी ऐकू आली तशी, देवनागरीत लिही, स्पेलिंगचं नाव काढू नकोस. बाजूला कोण होतं आणि शेवटी काय दिलंस ते लिही, 'लाल टोपीवाला आजोबा, बंग्ड अप, इसबगोल' असं. हे 'बंग्ड अप' म्हणजे पोट साफ होत नाही, ते तुला आजन्म लक्षात राहील कारण तो आजोबा लक्षात राहील. रात्री ती वाक्यं मोठ्याने म्हण, मनात नाही, तोंडाने, घरातले हसले तर हसू देत. दुसऱ्या दिवशी परत, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. पहिल्या दिवशी पन्नास वेळा घोकण्यापेक्षा असं अंतर टाकून उजळणी केलेली जास्त टिकते, त्यासाठी मोबाईलवर कार्डांची ॲप्स मिळतात पण वहीने भागतं. सीझन सुरू होईपर्यंत गिऱ्हाईक नसेल तर दुकानातल्या दुसऱ्या मुलीला पेशंट कर, तिने येऊन नाटक करायचं, तू पाच प्रश्न विचारायचे, मग उलट. गणेश चवथीच्या सुट्टीत भावंडं जमली की त्यांना पण धर, त्यांना मजा येईल.

ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' आहे, फुकट, नावाप्रमाणे सहा मिनिटांचं आणि बोललेलं सगळं लिहून पण दिलेलं असतं. बसमध्ये एकदा नुसतं ऐक, घरी येऊन वाचत वाचत ऐक. पण त्याहून तुझ्या कामाची एक गोष्ट सांगते जी स्पोकन क्लासवाले सांगत नाहीत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेची, एनएचएसची, वेबसाइट उघड. तिथे प्रत्येक आजारावर एक पान आहे आणि ते मुद्दाम अगदी साध्या बोलीत लिहिलेलं असतं, इतकं की शी-सू ला पण ते घरात पोरांशी बोलतो तसे 'पू' आणि 'पी' शब्द वापरतात. आजार तुला आधीच माहीत आहे, औषध माहीत आहे, त्यामुळे वाचताना डोक्यावर फक्त भाषेचंच ओझं. अतिसाराचं पान उघड, 'फीलिंग सिक', 'बीइंग सिक' तिथे दोन्ही भेटतील, त्या दिवशीच्या बाईसकट. आठवड्याला एक पान खूप झालं.

क्लासचं. १५ हजार आत्ता देऊ नकोस. फी भरायच्या आधी एक दिवस फुकट बसू देतात का विचार आणि बसून फक्त एवढंच बघ की तासाभरात विद्यार्थी किती बोलतात आणि सर किती बोलतात. तीस जणांच्या वर्गात सर फळ्यावर टेन्सेस लिहीत असतील तर ते तुझं झालेलं आहे, शाळेत आठ वर्षं तेच केलंस. पाच-सहा जणांची बॅच असेल, प्रत्येकाला बोलायला लावत असतील आणि तू नेलेल्या वहीतली वाक्यं घेऊन सराव करून देणार असतील तर पावसाळ्यात, धंदा मंद असताना विचार कर. 'ॲक्सेंट सुधारून देऊ' असं पाटीवर लिहिलं असेल तर लांबूनच नमस्कार. गोवेकरांच्या इंग्लिशचा एक हेल आहे आणि फॉरेनरला तो छान कळतो, फक्त सावकाश बोल.

राहिलं व्हॉट्सॲप. इथे भाचा हसतो ते, काय करणार, बरोबर हसतो. 'डिअर सर, काइंडली नोट' हे आपल्याकडे सरकारी अर्जातून आलंय, आणि तिकडे ताप आलेली बाई हॉटेलच्या खोलीत पडून वाट बघतेय. 'हाय ॲना, येस, वी हॅव इट. २४० रुपीज. वी आर ओपन टिल नाइन.' झालं. नसेल तर 'सॉरी, वी डोन्ट हॅव दॅट ब्रँड, बट वी हॅव द सेम मेडिसिन फ्रॉम अनदर कंपनी', आणि पट्टीचा फोटो टाक ज्यात औषधाचं मूळ नाव आणि ताकद दिसेल. चिठ्ठी लागणारं असेल तर 'प्लीज ब्रिंग युअर प्रिस्क्रिप्शन' हे पहिल्याच मेसेजमध्ये घाल, नाहीतर माणूस उन्हातून चालत येतो आणि मग तुझ्याशी वाद घालतो. आणि किंमत नेहमी आधी लिही, नाहीतर तेवढ्यासाठी परत एक मेसेज येतो.